थेरपी कोणती घ्यावी, हे तक्रारीवरून ठरवा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

"मी 36 वर्षांची असून सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझे वडील रात्री हृदयविकाराच्या झटक्याने गेले. आईने मला तीनदा फोन केला होता, पण माझा फोन सायलेंटवर होता. तेव्हापासून मन कशातच रमत नाही. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप सुधारली. थेरपीही घ्या, असे ते म्हणाले. पहिल्या थेरपिस्टकडे दोन-अडीच महिने गेले. त्या शांतपणे ऐकत आणि मी रडत असे, पण काय करावे हे त्यांनी एकदाही सांगितले नाही. मग ऑनलाइन दुसऱ्या थेरपिस्ट मिळाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी एक तक्ता देऊन मनातले विचार लिहायला आणि त्यांचे पुरावे तपासायला सांगितले. बाबांविषयी बोलायला वेळच मिळाला नाही. आता जाऊबाई म्हणतात, इगतपुरीला जाऊन विपश्यना कर. मैत्रीण ईएमडीआर नावाची थेरपी सुचवते. या सगळ्या थेरपी एकच आहेत की वेगळ्या? त्यांतली माझ्यासाठी योग्य कोणती? जाता जाता एक लिहिते. रात्री गॅस आणि दाराची कडी बंद आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. हल्ली माझे यजमान झोपण्याआधी रेग्युलेटरचा फोटो काढून मला दाखवतात. तरी कधी कधी मी उठतेच."

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तुम्ही 'जाता जाता' म्हणून अगदी शेवटी लिहिला आहे. दोन्ही थेरपिस्टना तुम्ही गॅस आणि कडीबद्दल सांगितल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही, आणि तसे सांगितले नसेल तर त्या दोघींनाही तुमच्या त्रासाचा निम्माच भाग दिसला असणार. तुम्ही विचारता की योग्य थेरपी कोणती. या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही, परंतु तुमच्यासाठी बऱ्याच निश्चितपणे देता येईल असे उत्तर आहे, आणि ते त्या शेवटच्या चार वाक्यांवर अवलंबून आहे. प्रत्यक्ष भेटीशिवाय निदान करता येत नाही, हे आधीच स्पष्ट करते. पण तुम्ही लिहिलेले वर्णन ओसीडी, म्हणजे ज्याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात, त्याच्याशी इतके जुळते की त्या दिशेने तपासणी व्हायलाच हवी.

आता तुमचा पहिला प्रश्न. या थेरपी एकच नाहीत. दुःख नेमके कुठे तयार होते, याविषयी प्रत्येकीची समजूत वेगळी आहे आणि त्यामुळे बैठकीत काय घडते, घरी तुमच्याकडून काय अपेक्षित असते आणि सुधारणा कशावरून ओळखायची, हेही वेगळे आहे. केवळ व्याख्या देण्यापेक्षा तुमच्याच स्वयंपाकघरातला तो रेग्युलेटर प्रत्येक पद्धतीला कसा दिसेल, ते सांगते.

मनोविश्लेषणापासून सुरुवात करणे क्रमप्राप्त आहे. व्हिएन्नातील सिग्मंड फ्रॉइड यांनी योझेफ ब्रॉयर यांच्यासह 1895 साली हिस्टेरियाच्या रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आलेल्या ब्रॉयर यांच्या एका रुग्ण स्त्रीने आपल्या उपचाराला 'बोलण्यातून बरे होणे' अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि आज जगभर चालणाऱ्या संवादोपचारांचा उगम बहुधा तिथपर्यंत नेला जातो. भारतात ही विद्या लवकर आली. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. या परंपरेतला थेरपिस्ट विचारेल, की ती रात्र आणि हा रेग्युलेटर यांचा संबंध काय? एकदा तुमच्या हातून काहीतरी 'बघायचे राहिले' आणि घरातले माणूस गेले; आता दररोज रात्री काहीही बघायचे राहू नये म्हणून मन धडपडते आहे का? वडिलांविषयी प्रेमाबरोबर राग किंवा दुरावाही होता का, जो त्यांच्या जाण्यानंतर उच्चारणे अशक्य झाले? हे प्रश्न खोल आहेत आणि मी ते हलके लेखत नाही. कोचावर आडवे होऊन आठवड्यातून पाच-सहा दिवस बोलण्याची फ्रॉइड यांची पद्धत आता फारच थोड्या ठिकाणी उरली आहे. तिच्यातून निघालेले सायकोडायनॅमिक उपचार समोरासमोर बसून, बहुतेकदा आठवड्यातून एकदा चालतात. जुन्या नात्यांतले साचे आजच्या नात्यांत, अगदी थेरपिस्टबरोबरच्या नात्यातही, कसे पुन्हा उमटतात हे पाहणे, हा त्यांचा गाभा. एकच प्रकारचे नाते वारंवार विस्कटत असेल किंवा शोकात परस्परविरोधी भावना अडकून पडल्या असतील, तर या वाटेने जाण्यात अर्थ असतो.

परंतु रेग्युलेटरपुरते बोलायचे तर केवळ कारण उमगल्याने तपासणे थांबत नाही. हे खुद्द फ्रॉइड यांच्याही ध्यानात आले होते. 1918 मध्ये बुडापेस्ट येथील परिषदेत त्यांनी सांगितले, की तीव्र भीतीच्या रुग्णाने विश्लेषणाच्या प्रभावाने भीती आपोआप सुटेल म्हणून वाट पाहत राहिल्यास ती सुटत नाही. त्याला घराबाहेर पडून त्या भीतीला तोंड द्यायला प्रवृत्त करावे लागते. पुढे वर्तनोपचारांनी मांडलेली गोष्ट ती हीच.

तुमच्या पहिल्या थेरपिस्ट मात्र, वर्णनावरून, फ्रॉइड यांच्यापेक्षा कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणाऱ्या असाव्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर्स यांनी 1940 च्या दशकात ठामपणे मांडले, की मदत मागायला आलेल्या माणसाला दिशा दाखवणे हे उपचारकाचे काम नव्हे. समोरच्याचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे, त्याचा विनाअट स्वीकार करणे आणि स्वतः मुखवट्याशिवाय वागणे, या गोष्टी मिळाल्या की माणूस आपली वाट आपण शोधतो, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून त्या बाई सल्ला देत नव्हत्या. ते दुर्लक्ष नव्हते, ती त्यांची पद्धत होती. आणि ज्या घरात सगळे 'आता सावर' म्हणतात, त्या घरातल्या बाईला आठवड्यातून एक तास कोणी सावरायला न सांगता रडू देते, हे लहान काम नाही.

तरीही तुम्हाला जे अपुरे वाटले, त्यात तुमचे काही चुकले असे मला वाटत नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्ये एक विचार मांडला होता. पाश्चात्त्य उपचारपद्धती दोन समान, स्वतंत्र व्यक्तींचे नाते गृहीत धरतात. आपल्याकडे मदत मागणारा माणूस मात्र गुरुशिष्याच्या नात्याची अपेक्षा मनात घेऊन येतो, आणि त्या नात्याचा उपचारात उपयोग करून घेता येतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते आजही पटते. वडीलधाऱ्यांचा शब्द मानून वाढलेल्या माणसासमोर थेरपिस्ट गप्प राहिली, तर त्या शांततेचा अर्थ स्वातंत्र्य असा लागण्याऐवजी 'यांना माझ्याबद्दल काही वाटत नाही' असाही लागू शकतो. म्हणून अशा पद्धतीने काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच भेटीत 'मी सल्ला देणार नाही, आणि त्याचे कारण असे' इतके तरी सांगायला हवे. तुम्हाला ते सांगितले गेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता वर्तनोपचार. तुमच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा असल्याने इथे थोडे थांबते.

1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाच्या बाबतीत एक साधी गोष्ट करून पाहिली. तो आवडीचे खात असताना ससा दूर ठेवायचा आणि हळूहळू जवळ आणायचा. पीटर अखेर सशाशी खेळू लागला. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच दिशेने भीतीच्या पायऱ्या करून एकेक पायरी चढण्याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. मात्र ओसीडीच्या रुग्णांना याचा फारसा उपयोग होत नव्हता. 1966 मध्ये लंडनमधील व्हिक्टर मेयर यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या दोन रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडली: भीतीच्या प्रसंगाला सामोरे जायचेच, शिवाय त्यानंतर नेहमीची कृती करायची नाही. दोघांमध्येही लक्षणीय सुधारणा झाली. त्यातून जी पद्धत विकसित झाली तिला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी, म्हणतात आणि ओसीडीवरच्या मानसोपचारांत ती आज पहिल्या पसंतीची आहे.

या पद्धतीच्या दृष्टीने तुमचा रेग्युलेटर कशाचेही प्रतीक नाही. रात्री अकरा वाजता 'गॅस राहिला तर?' असा विचार येतो आणि छातीत धडधडते. तुम्ही उठून पाहता, धडधड क्षणात उतरते. या उतरण्यामुळेच मन शिकते, की तपासले म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी शंका अधिक जोराने येते, कारण तिला काल उत्तर मिळाले होते. तुम्ही तपासलेच नसते तरी ती धडधड थोड्या वेळाने आपोआप कमी झाली असती आणि काहीही घडले नसते. पण ते अनुभवायची संधी तपासण्यामुळे कधी मिळतच नाही. शिवाय वारंवार तपासल्याने खात्री वाढत नाही, उलट आपल्याच आठवणीवरचा विश्वास कमी होतो. 'पाहिले तर आहे, पण नीट पाहिले का?' हा प्रश्न तुमच्या ओळखीचा असेल.

ईआरपीत थेरपिस्ट तुमच्याबरोबर बसून एक यादी करते. प्रत्येक प्रसंगात किती अस्वस्थता येईल, याला तुम्ही शून्य ते शंभर असे गुण देता. दिवसा चहा झाल्यावर रेग्युलेटर एकदाच बंद करून मागे न पाहता स्वयंपाकघरातून बाहेर पडणे, याला कदाचित तीस. रात्री एकदाच बंद करून थेट अंथरुणावर जाणे, साठ. यजमान गावाला गेलेले असताना तेच करणे, नव्वद. तुम्ही तिसापासून सुरुवात करता, अस्वस्थता येऊ देता, तिच्याशी वाद घालत नाही, मनातल्या मनात 'मी बंद केला होता' असे घोकतही नाही, कारण ते घोकणेही तपासणेच असते. लाट चढते आणि ओसरते. काही दिवस तीच पायरी पुन्हा पुन्हा केली की ती तिसाची दहा होते, मग वरची पायरी. साधारण बारा ते वीस बैठकांमध्ये बहुतेकांना ठळक फरक दिसतो. हे सोपे नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो, आणि त्याची कल्पना आधी न दिल्यामुळे काहीजण मध्येच सोडून देतात.

यात तुमच्या यजमानांविषयी लिहिणे आवश्यक आहे. रेग्युलेटरचा फोटो काढून दाखवणारा नवरा प्रेमळच असला पाहिजे. पण तो फोटो म्हणजे त्यांच्या हातून झालेले तुमचे तपासणे आहे. ओसीडीच्या घरांमध्ये कुटुंबीय असेच मायेपोटी आजाराच्या कामाला जुंपले जातात: कुणी कड्या तपासते, कुणी विसाव्यांदा 'हो गं, बंद आहे' म्हणून खात्री देते. हे एका रात्रीत बंद करू नका आणि त्यांनाही दोष देऊ नका. थेरपिस्टच्या सल्ल्याने फोटो टप्प्याटप्प्याने बंद होईल, आणि त्याऐवजी त्यांनी काय म्हणावे, तेही ठरवले जाईल. उदाहरणार्थ, 'तुला आत्ता फार अस्वस्थ वाटते आहे, मी इथे बसतो, पण गॅसबद्दल बोलणार नाही.' कुटुंबाला उपचारातून वगळायचे नाही, ही गोष्ट भारतात नवी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंमध्ये राहायची सोय करून त्यांना शुश्रूषेत सामील करून घेतले होते. पुढे पाश्चात्त्य देशांत कुटुंबोपचार नावाची स्वतंत्र शाखाच विकसित झाली. तिच्यात एका व्यक्तीऐवजी संपूर्ण घराच्या परस्परसंबंधांवर काम होते. तुमच्या घराला त्याची गरज दिसत नाही, यजमानांना दोन-तीन बैठकांत सोबत घेणे पुरेसे ठरेल.

तुमच्या दुसऱ्या थेरपिस्टचा तक्ता आला आहे तो आकलनाधारित उपचारांतून. फिलाडेल्फियातील एरन बेक हे मनोविश्लेषणात तयार झालेले डॉक्टर. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हे फ्रॉइड यांचे म्हणणे सिद्ध करण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. त्यांत रागाऐवजी अपयश आणि गमावणे यांचीच चित्रे दिसली, आणि रुग्णांच्या मनात स्वतःविषयी झर्रकन येऊन जाणाऱ्या विचारांकडे त्यांचे लक्ष गेले. त्याच सुमारास, 1955 पासून, न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ पद्धत सुरू केली होती. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाकडे पाहण्याचा आपला हट्टाग्रही दृष्टिकोन आपल्याला अधिक छळतो, हा तिचा गाभा. मराठी वाचकांना एलिस परके नाहीत, याचे मोठे श्रेय मुंबईच्या कि. मो. फडके यांना आहे. त्यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि इथे रुजवली. बेक यांची पद्धत पुढे वर्तनोपचारांशी जोडली गेली आणि आज सर्वत्र सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) म्हणून ओळखली जाते. ईआरपी हीदेखील याच मोठ्या कुटुंबात मोडते, पण 'मी सीबीटी करते' असे कोणी म्हटले, तर तिला ईआरपी येते असे गृहीत धरू नका; वेगळे विचारा.

हा फरक तुमच्या बाबतीत कळीचा आहे. 'गॅस बंद आहे, याचा पुरावा काय?' असे तक्त्यात लिहायला घेतले, की ओसीडीच्या रुग्णासाठी तो तक्ताच तपासण्याचे आणखी एक साधन होतो. मात्र 'मी फोन उचलला असता तर बाबा वाचले असते' हा विचार वेगळ्या जातीचा आहे आणि त्यावर सीबीटी चांगले काम करू शकते. झटका किती वाजता आला, आईने पहिला फोन कधी केला, तुमच्या गावाहून तिथे पोहोचायला किती वेळ लागला असता, आई आणि शेजाऱ्यांनी काय केले, हे सर्व कोणीतरी तुमच्याबरोबर बसून, घाई न करता, मांडले पाहिजे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्स्किस यांनी 1985 मध्ये मांडले, की ओसीडीच्या मुळाशी अनेकदा जबाबदारीची अतिरेकी जाणीव असते: काही अनर्थ घडला तर तो माझ्यामुळेच आणि तो टाळणे माझ्याच हाती. तुमच्या दोन तक्रारी इथे एकमेकींना भेटतात, असे मला पत्र वाचताना वाटले. पण बाबांविषयी एक शब्द ऐकण्याआधी हातात तक्ता देणे मला योग्य वाटत नाही. बेक यांच्या पद्धतीतही आधी ऐकणे अपेक्षितच आहे. चूक पद्धतीची नाही, ती घाईने वापरण्याची आहे.

जाऊबाई आणि मैत्रीण यांच्या सूचनांविषयी थोडक्यात. विपश्यना ही साधना आहे, मानसिक आजारावरचा उपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांचे मौन शिबिर करू नये, असे या परंपरेची केंद्रेच सांगतात. तुम्ही गोळ्या घेत आहात, तपासण्याचा त्रास आटोक्यात आलेला नाही; अशा वेळी दहा दिवस कोणाशी न बोलता मनातल्या शंकांबरोबर एकटे बसणे मी तुम्हाला सुचवणार नाही. ध्यानातली सजगता उपचारात आणण्याचे प्रयत्न वेगळे आहेत. अमेरिकेत जॉन काबात-झिन यांनी 1979 मध्ये तणावग्रस्त रुग्णांसाठी असा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यातूनच पुढे वारंवार उलटणाऱ्या नैराश्यासाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. ईएमडीआर ही फ्रान्सिन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली पद्धत आहे. आघाताची आठवण मनात धरून थेरपिस्टच्या बोटांच्या हालचालीमागे नजर फिरवणे, हे तिचे दृश्य रूप. आघातोत्तर तणावासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये तिची शिफारस केली आहे. त्या रात्रीची दृश्ये, आईचा आवाज, फोनचा पडदा हे सर्व तुमच्या डोळ्यांपुढे अचानक, जणू आत्ताच घडत असल्यासारखे उभे राहत असेल, तर तिचा विचार जरूर करता येईल. तुमच्या पत्रात तसे काही नाही.

तुमच्या प्रश्नातून आणखी एक प्रश्न निघतो, की पद्धतींतल्या फरकाने निकालात फरक पडतो का. 1952 मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी मानसोपचारांचा काही उपयोग होतो याला पुरावा नाही, असे लिहून खळबळ उडवली होती. 1977 मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी 375 अभ्यास एकत्र तपासले आणि उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या 75 टक्के व्यक्तींपेक्षा बऱ्या स्थितीत असते, असे दाखवले. निरनिराळ्या पद्धतींमध्ये मात्र त्यांना फारसे अंतर आढळले नाही. थेरपिस्टशी जुळलेले नाते, ध्येयाविषयीचे एकमत आणि काय काम करायचे याविषयीची सहमती यांचा परिणामाशी संबंध असतो, हे त्यानंतरच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. 'पद्धत कोणतीही चालेल, माणूस चांगला हवा' असे लोक म्हणतात ते यावरूनच. नैराश्याच्या बाबतीत त्यात पुष्कळ तथ्य आहे. ओसीडी आणि विशिष्ट गोष्टींच्या तीव्र भीतीच्या बाबतीत मला ते मान्य नाही. तिथे पद्धतीने फरक पडतो, आणि अतिशय प्रेमळ थेरपिस्टबरोबर वर्षभर रेग्युलेटरविषयी नुसते बोलत राहिल्यास वर्ष वाया जाते.

तुमच्या खिन्नतेसाठी एक साधी गोष्ट मला ईआरपीबरोबरच सुरू झालेली आवडेल. 'मन कशातच रमत नाही' असे तुम्ही लिहिता, म्हणजे पूर्वी ते कशात तरी रमत होते. नैराश्यात माणूस आधी बरे वाटण्याची वाट पाहतो आणि मग बाहेर पडू म्हणतो; बिहेविअरल ॲक्टिव्हेशन ही पद्धत हा क्रम उलटा करते. मनाला वाटो न वाटो, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी ठरलेली लहानशी कृती करायची आणि तिच्यानंतर मनात काय बदलले त्याची नोंद ठेवायची. आपल्या शेजारी गोव्यात मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये यावर आधारित सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम तपासला. समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. मध्यम ते तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांच्या या अभ्यासात तीन महिन्यांनंतर हा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. महागडी, दीर्घ थेरपीच खरी, असे मानणाऱ्या प्रत्येकाला मी हा अभ्यास आवर्जून सांगते.

आता प्रत्यक्ष काय करावे. तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना या आठवड्यातच तपासण्याविषयी सांगा. हे अतिशय महत्त्वाचे आहे, कारण नैराश्यासाठी दिलेली गोळी ओसीडीसाठीही चालू शकते, पण ओसीडीत अनेकदा तिची मात्रा अधिक लागते आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. गोळ्या मनाने वाढवू नका आणि झोप सुधारली म्हणून बंदही करू नका.

दुसऱ्या थेरपिस्टना एकदम सोडून देऊ नका. त्यांना तीन गोष्टी थेट विचारा: तुम्ही ओसीडीच्या रुग्णांबरोबर ईआरपी केली आहे का, माझ्यासाठी पुढच्या दहा-बारा बैठकांची योजना काय असेल, आणि माझ्यात सुधारणा होते आहे हे आपण कशावरून ठरवणार. उत्तर स्पष्ट मिळाले तर त्यांच्याकडेच राहा आणि बाबांविषयी बोलायला काही बैठका राखून ठेवा, असेही सांगा. उत्तर गुळमुळीत आले, किंवा विचारल्याचा राग आला, तर दुसरीकडे जा. नवीन व्यक्ती निवडताना ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, ते पाहा. क्रमांक मागणे हा उद्धटपणा नाही. समुपदेशक म्हणून काम करणाऱ्यांचे शिक्षण फार वेगवेगळे असते, तेव्हा पदवी आणि अनुभव दोन्ही विचारा. खासगी शुल्क परवडत नसेल, तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात मानसशास्त्रज्ञ आहेत का, याची चौकशी करा. ऑनलाइन थेरपीचा तुमच्या बाबतीत एक फायदाही आहे: फोन ओट्यावर उभा करून थेरपिस्टच्या समोर, जिथे शंका येते त्याच जागी, सराव करता येतो.

तुम्ही थेरपिस्टला सांगितलेले गोपनीय राहणे हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुम्हाला दिलेला हक्क आहे, त्यामुळे महाविद्यालयात कळेल या भीतीने काही लपवू नका. आणि एखाद्या रात्री जगणेच नको वाटले, तर सकाळची वाट न पाहता 14416 या शासनाच्या टेली-मानस मदतसेवेच्या क्रमांकावर फोन करा. सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते.

पुढच्या भेटीला जाताना एक आठवडा आधीपासून नोंद ठेवा: रात्री किती वेळा उठलात, काय तपासले, यजमानांना किती वेळा विचारले आणि पुन्हा झोप लागायला किती वेळ गेला. हा कागद बोलणे सुरू होण्याआधीच थेरपिस्टच्या हातात द्या, म्हणजे हा विषय पुन्हा शेवटच्या पाच मिनिटांसाठी उरणार नाही.